वाट चुकवण्याच्या तीन तऱ्हा

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळच्या पुलाकडे गेली आणि थेट पाण्यात उतरली. फोनवरचा नकाशा रस्ता दाखवत होता. रस्ता तिथे होताही, फक्त त्या दिवसांत तो पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. हा पूल वर्षातले काही महिने बुडालेला असतो, हे पंचक्रोशीत शाळकरी पोराला ठाऊक. परक्या माणसाला ते सांगणारा फलक मात्र नव्हता. सोबतचे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. अशी बातमी आली की फोनच्या नावाने बोटं मोडली जातात आणि चार दिवसांत सगळे पुन्हा फोन लावून निघतात. पण इथे नेमकं काय चुकलं हे जरा निरखून पाहिलं, तर गंमत नाही पण बोध आहे. उपग्रहांनी गाडीची जागा बरोबर सांगितली होती. नकाशात पूल होता आणि जमिनीवरही पूल होता. चुकलं ते तिसऱ्याच जागी. आज, या घटकेला, त्या पुलावरून जाता येतं का, हे यंत्राला ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला ठाऊक नाही हेही त्याने सांगितलं नाही.

लांबच्या प्रवासाआधी घरोघरी एक प्रश्न निघतो. फोन आहेच, मग जीपीएसचं वेगळं यंत्र घ्यायचं का? आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेला तो जुना कागदी नकाशा ठेवायचा की रद्दीत द्यायचा? यावरची चर्चा बहुतेक वेळा ‘जास्त अचूक कोण’ याच मुद्द्याभोवती फिरते. मला ही कसोटीच कुचकामी वाटते, कारण तिन्ही साधनं चुकतात आणि यापुढेही चुकणार. विचारायला हवं ते असं, की प्रत्येक साधन कोणत्या तऱ्हेने चुकतं आणि ते चुकलंय हे आपल्याला वेळेत कळतं का. या अंगाने पाहिलं तर फोनचं पारडं बहुतेक ठिकाणी जड ठरतं, वेगळ्या यंत्राचं काम थोड्याच लोकांपुरतं उरतं आणि कागदाला अशी एक जागा मिळते, जी फोनला अजून घेता आलेली नाही.

आधी उपग्रहांचा विषय उरकू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. आपल्या हातातलं यंत्र ते नुसतं ऐकतं, परत काही पाठवत नाही. चार उपग्रहांचे संकेत आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, याच्या हिशेबातून जागा ठरते. १ मे २००० पर्यंत नागरी वापरासाठीचा संकेत मुद्दाम बिघडवलेला असे आणि जागा शंभरेक मीटरने हुकू शकत असे. क्लिंटन सरकारने ते बंधन काढलं आणि मोटारीत वापरता येईल अशी अचूकता सामान्य माणसाला फुकट मिळाली. पुढे रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू, भारताची नाविक अशा प्रणालींची भर पडली आणि आजचे बरेच फोन यांतल्या अनेकांचे संकेत एकदम घेतात. तेव्हा ‘रेंज गेली, आता जीपीएस बंद’ हे वाक्य चूक आहे. मोबाइलचं जाळं गेलं तरी उपग्रह ऐकू येतच असतात. जाळ्याचा फायदा इतकाच, की कोणता उपग्रह कुठे आहे हे फोनला लगेच कळतं आणि जागा चटकन सापडते. जाळं नसेल तर हीच माहिती उपग्रहांकडून सावकाश उतरवून घ्यावी लागते आणि त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. थोडक्यात, ‘मी कुठे आहे’ या प्रश्नात स्वस्त फोन आणि महाग यंत्र यांत मोटारप्रवासापुरता फारसा फरक नाही. पैसे त्यासाठी मोजायचे नसतात.

फरक पडतो तो नकाशापाशी. आपली जागा हा नुसता एक ठिपका, तो कशावर टेकवायचा? फोन हा नकाशा चालता चालता इंटरनेटवरून ओढत असतो. म्हणून रेंज गेली की ठिपका शाबूत राहतो, पण त्याच्याखालचा कागद कोरा होतो. नकाशा आधी उतरवून ठेवला तर ही अडचण बरीचशी मिटते. गूगलने ही सोय २०१५ मध्ये चांगल्या रीतीने दिली, आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड यांसारखी ॲप मुळातच उतरवलेल्या नकाशावर चालतात. वेगळ्या यंत्रात नकाशा पहिल्यापासून साठवलेला असतो. कागदावर तर तो छापलेलाच. पण साठवलेली आणि छापलेली प्रत्येक गोष्ट त्या दिवसापासून म्हातारी होऊ लागते. समृद्धी महामार्गच पाहा. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. मधल्या काळात छापलेला प्रत्येक नकाशा अर्धवट. त्याआधीची कथा महामार्गांच्या क्रमांकांची. २०१० मध्ये देशभरातले क्रमांक बदलले. मुंबई-गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला, पुणे-सोलापूर ९ चा ६५. जुना रस्तेनकाशा उघडला तर त्यात १७ आणि समोरच्या पाटीवर ६६. शहरांच्या नावांचंही तेच. पाटीवर अहिल्यानगर, कागदावर अहमदनगर. पण कागदाची एक गोष्ट सरळ असते. त्याच्या कोपऱ्यात छपाईचं साल असतं. मी अमुक सालचा आहे, पुढचं मला विचारू नका, हे तो हातात घेतल्याबरोबर सांगतो. फोनवरच्या नकाशात अमुक रस्ता शेवटचा कधी कुणी तपासला, हे रस्त्याजवळ कुठेच लिहिलेलं नसतं. कालचं आणि दहा वर्षांपूर्वीचं दोन्ही सारख्याच नितळ रंगात दिसतं.

आणि तिसरा थर आहे तो त्या घटकेच्या परिस्थितीचा. इथे फोनने इतर दोघांना केव्हाच मागे टाकलं आणि ते मान्य न करणं हट्टीपणाचं होईल. खोपोलीपाशी दोन तास अडकायचं की नाही, हे कोणताही कागद सांगू शकत नाही. पण ही माहिती येते कुठून, हे समजून घेतलं की तिच्या मर्यादाही दिसतात. रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो फोनांचे वेग गोळा करून लाल, नारिंगी, निळ्या रेघा तयार होतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सायमन वेकर्ट या बर्लिनच्या कलावंताने ९९ फोन एका हातगाडीत घालून ती मोकळ्या रस्त्यांवरून सावकाश ओढली आणि नकाशावर तिथे वाहतूक कोंडी उमटलेली दाखवली. तो गमतीचा भाग. त्यातून कळतं ते असं, की हा नकाशा रस्ता पाहत नाही, फोन मोजतो. द्रुतगती मार्गावर फोन भरपूर म्हणून माहिती भरपूर. आता पावसाळ्यातल्या रात्रीचा एखादा घाट घ्या. तिथून गाड्या फारशा जात नाहीत, जातात त्यांच्या फोनांना रेंज नसते. दरड कोसळून रस्ता बंद असेल तर तिथून कुणीच जात नाही, म्हणजे मोजायला काहीच नाही. पडद्यावर कोंडी दिसणार नाही. ‘रस्ता मोकळा आहे’ आणि ‘रस्त्याबद्दल काहीच माहीत नाही’ या दोन अगदी उलट गोष्टी पडद्यावर जवळजवळ सारख्याच दिसतात. फोनची चूक या तऱ्हेची असते. जिथे माहिती विपुल तिथे तो फारसा चुकत नाही, आणि जिथे माहिती नाही तिथेही त्याच ठाम आवाजात वळायला सांगतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावर असंच घडलं. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता, नकाशात तो अखंड होता, आणि तुटल्या तोंडावरून गाडी नदीत कोसळून तिघे गेले. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक मोटार खाडीच्या पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने जेट्टीपर्यंत गेली आणि खाडीत पडली. सागरी सुरक्षेच्या पोलिसांमुळे चालक महिला वाचली. वरून पाहणाऱ्या नकाशाला पूल आणि पुलाखालचा रस्ता एकावर एक पडलेल्या दोन रेघा वाटतात. हा दोष कंपन्यांनाही ठाऊक आहे. गूगलने जुलै २०२४ मध्ये भारतातल्या चाळीस शहरांसाठी ‘पुलावर जा’ अशा सूचना देणारी सोय जाहीर केली ती यासाठीच. यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी भिंत घालणं हे बांधकाम खात्याचं काम, ॲपला दोष कशाला? बरेलीच्या प्रकरणात गुन्हा दाखल झाला तो बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर आणि नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्यावरही, पण पहिली जबाबदारी खात्याचीच, यात मलाही शंका नाही. मात्र दोष कुणाचा हे न्यायालयात ठरतं आणि गाडी चालवणाऱ्याला उत्तर त्याच रात्री हवं असतं. आपल्याकडे फलक आणि अडथळे नेहमी असतीलच असं नाही, हे धरूनच साधन निवडायला लागतं. ज्या देशात बंद रस्त्यावर न चुकता अडथळा उभा राहतो, तिथे यंत्राच्या अज्ञानाची भरपाई रस्ता करतो. इथे ती प्रवाशाला करावी लागते.

वेगळ्या जीपीएस यंत्राबद्दल आता थोडक्यात बोललं तरी चालेल. गार्मिन आणि टॉमटॉम या कंपन्यांची यंत्रं दोन हजारच्या दशकात युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचली. भारतातही मॅपमायइंडियासारख्या कंपनीने आपल्या नकाशांसह अशी यंत्रं विकली. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने फोनवर वळणावळणाचं मार्गदर्शन फुकट देण्याची घोषणा केली आणि गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर त्याच दिवशी घसरले. तेव्हापासून हे यंत्र सामान्य ग्राहकाच्या यादीतून खाली खाली जात राहिलं. त्याचा अर्थ ते वाईट आहे असा नाही. त्याची काच उन्हात वाचता येते, मध्येच फोन वाजून पडदा झाकला जात नाही, उन्हात तापून मान टाकण्याचा प्रकार कमी. ॲपल आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगते. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात काचेला चिकटवलेल्या फोनला ही मर्यादा ओलांडायला फार वेळ लागत नाही. मोठ्या मालमोटारींसाठी असलेल्या यंत्रांत गाडीची उंची, रुंदी, वजन भरता येतं आणि त्याप्रमाणे मार्ग ठरतो. जिथे रस्त्यांची तशी माहिती नोंदलेली आहे तिथे हे मोलाचं. पावसात हातमोजे घालून महिनोन्‌महिने मोटारसायकलवर फिरणाऱ्यालाही असं जलरोधक यंत्र परवडतं. पण कुटुंबासह वर्षातून चारदा बाहेर पडणाऱ्याने त्यासाठी खर्च करावा असं एकही कारण मला सापडत नाही. चुकण्याच्या तऱ्हेच्या कसोटीवर तर ते मधल्या मधेच अडकतं. फोनसारखंच ते ठामपणे आज्ञा देतं, आणि कागदासारखंच जुनं होत जातं. बऱ्याच नव्या गाड्यांत पडद्यामागे बसवून दिलेला नकाशाही याच जातीचा. तो शेवटचा कधी ताजा केला, हे मालकाला क्वचितच माहीत असतं.

कागदाचं मोल कळायला सह्याद्रीसारखी दुसरी जागा नाही. देशावरून कोकणात उतरायचं म्हटलं की रस्ते मोजकेच. उत्तरेकडून खाली यावं तर माळशेज, बोरघाट, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, मग गगनबावड्यापाशी फुटणारे भुईबावडा आणि करूळ, त्यापुढे फोंडा आणि आंबोली. जिन्याच्या पायऱ्यांसारखे हे एकाखाली एक रचलेले आहेत, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये गाडी उतरवायला बहुतेक ठिकाणी जागाच नाही. म्हणून इथे ‘कोणत्या रस्त्याने जायचं’ याचा खरा अर्थ ‘कोणत्या घाटाने उतरायचं’ असा होतो, आणि तो निर्णय घाटाच्या तोंडाशी पोचण्यापूर्वी, कधी कधी शंभर किलोमीटर आधी घ्यावा लागतो. पुण्याहून भोरमार्गे महाडला निघालेल्या माणसाला वरंधा बंद असल्याचं घाटाशी कळलं, तर ताम्हिणीने माणगावला उतरणं किंवा महाबळेश्वर गाठून आंबेनळीने पोलादपूरला उतरणं हे पर्याय त्याच्यापुढे असतात. पण दोन्हीकडे जायला आधी माघारी फिरावं लागतं. करूळ घाट २०२४ मध्ये काँक्रीटीकरणासाठी दीर्घकाळ बंद होता, तेव्हा कोल्हापूरहून वैभववाडीकडे जाणाऱ्यांना भुईबावडा आणि फोंडा यांत निवड करावी लागली. ही निवड करायची तर तिन्ही घाट आणि त्यांच्या पायथ्याची गावं एका नजरेत दिसायला हवीत.

फोनवर ते दिसत नाहीत का, असा प्रश्न इथे येणारच. पडदा दोन बोटांनी लहान केला की सगळा महाराष्ट्र हातात मावतो. मावतो खरा, पण काय गाळून मावतो ते पाहायला हवं. तळहाताएवढ्या काचेवर तीनशे किलोमीटरचा पट्टा बसवायचा तर नकाशा आपोआप लहान रस्ते पुसतो, घाटांची नावं काढून टाकतो आणि मोठी शहरं व महामार्ग तेवढे ठेवतो. जवळ गेलं की घाट दिसतो, पण मग शेजारचा घाट काचेबाहेर जातो. एकात झाड, दुसऱ्यात रान, दोन्ही एकदम नाही. दोन हात लांबीच्या कागदावर ही तडजोड कमी करावी लागते. शिवाय रेंज नसताना फोनचा हा दुबळेपणा आणखी वाढतो. गूगलचा उतरवलेला नकाशा मोटारीचा मार्ग दाखवतो, पण वाहतुकीची स्थिती आणि पर्यायी मार्ग त्यात मिळत नाहीत. म्हणजे ज्या घाटात पर्यायाची गरज सर्वाधिक, तिथेच फोन एका वाटेवर येऊन थांबतो. कागद कोणतीही वाट सुचवत नाही, म्हणून तो तुम्हाला चुकीच्या वाटेला लावूही शकत नाही. तो सगळ्या वाटा समोर मांडतो आणि चूक झालीच तर ती तुमची, तुमच्या लक्षात येण्यासारखी असते. समोरची पाटी आणि हातातला कागद जुळत नाहीत, हे वाचणाऱ्याला त्या क्षणी कळतं.

कागदाविरुद्धचे आक्षेपही कमी वजनाचे नाहीत. तो जुना असतो, हे वर आलंच. चालत्या गाडीत तो वाचता येत नाही, घाटात तर वाचणाऱ्यालाच मळमळतं. एकट्या चालकाला त्याचा उपयोग थांबल्यावरच. शहरात तर तो पूर्ण निरुपयोगी, पुण्याच्या पेठांतली एकेरी वाहतूक कागदावरून समजून घेण्याच्या फंदात कुणी पडू नये. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून कागदाने फोनची जागा घ्यावी असं माझं म्हणणं नाहीच. कागद हे निघण्याच्या आदल्या संध्याकाळचं आणि वाटेत चहाला थांबल्यावरचं साधन आहे. गाडी चालू असताना फोनच. म्हातारपणाच्या आक्षेपालाही याच कामविभागणीत उत्तर मिळतं. नवे महामार्ग, उड्डाणपूल, क्रमांक भराभर बदलतात, पण घाट, नद्या, खाड्या आणि त्यांना ओलांडायच्या जागा सहसा बदलत नाहीत. पाच-सात वर्षं जुना नकाशाही ‘इथे उतार आहे, तिथे नाही’ एवढं बरोबर सांगतो, आणि त्याच्याकडून हवं असतं तेवढंच.

मिळवायचा कुठे, हाही व्यावहारिक प्रश्न आहे. टीटीके किंवा आयशरचे रस्तेनकाशे एके काळी पेट्रोलपंपावर आणि पुस्तकांच्या दुकानात सहज मिळत. आता शोधावे लागतात आणि जुनी प्रत गळ्यात पडण्याची शक्यता असते, तेव्हा साल पाहून घ्यावं. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाकडे राज्याचे नकाशे मिळतात. दहा लाखांत एक या प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर, आणि मार्ग ठरवायला ते पुरतं. पन्नास हजारांत एक या प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे, ज्यांना डोंगरभटके ‘टोपोशीट’ म्हणतात, ते २०१७ पासून विभागाच्या ‘नक्शे’ या संकेतस्थळावरून उतरवून घेता येऊ लागले. त्यांवर समोच्च रेषा असतात, म्हणून चढ-उतार वाचता येतो. पण मोटारीने फिरणाऱ्याला एवढा तपशील सहसा लागत नाही, आणि पुणे ते सावंतवाडी करायला अशा नकाशांची चवड लागेल. ज्याला यातलं काहीच मिळवायचं नाही, त्याने संगणकाच्या मोठ्या पडद्यावर नकाशा उघडून तो छापून घ्यावा आणि घाटांची, फाट्यांची नावं स्वतःच्या हाताने लिहावीत. हा गरिबाचा नकाशा पुष्कळदा विकतच्याहून कामाचा ठरतो, कारण लिहिता लिहिता तो निम्मा पाठ झालेला असतो.

पाठ होण्यावरून एक संशोधनाचा मुद्दा. तोक्यो विद्यापीठातले तोरु इशिकावा आणि सहकारी यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी वस्तीत काहींनी जीपीएस घेऊन, काहींनी कागदी नकाशा घेऊन आणि काहींनी आधी सोबत्याबरोबर वाट पाहून घेऊन फिरायचं होतं. जीपीएसवाले जास्त चालले, जास्त वेळा थांबले आणि नंतर त्या भागाचं रेखाटन करताना अधिक चुकले. २०२० मध्ये दहमानी आणि बोहबो यांनी पन्नास वाहनचालकांचा अभ्यास मांडला. जीपीएसचा वापर जास्त असलेल्यांची दिशा-स्थळाची स्मृती कमकुवत आढळली, आणि तीन वर्षांनी ज्या तेरा जणांना पुन्हा तपासलं त्यांत वापरासोबत घसरणही अधिक दिसली. ही संख्या लहान आहे. पहिला प्रयोग तर पायी चालणाऱ्यांवरचा. त्यामुळे ‘फोनने मेंदू गंजतो, म्हणून कागद घ्या’ असा डांगोरा पिटण्याइतका हा पुरावा भक्कम नाही, आणि मी तो त्यासाठी वापरत नाही. पण माझ्या मुद्द्यापुरतं त्यातून एक मिळतं. ज्याच्या डोक्यात प्रदेशाचं ढोबळ चित्र आहे, त्यालाच यंत्र भलतीकडे नेतंय अशी शंका येऊ शकते. महाबळेश्वरहून प्रतापगडाकडे जाणाऱ्याला एवढं माहीत असलं पाहिजे की आपण पश्चिमेला आणि उताराकडे जायला हवं. तेवढं चित्र नसेल, तर फोनने दिलेली चुकीची आज्ञा आणि बरोबर आज्ञा यांत फरक करायला त्याच्याजवळ काहीच नसतं.

‘एवढं कशाला? काच खाली करून विचारावं’ असंही कुणी म्हणेल. खरं तर रस्त्याच्या त्या घटकेच्या स्थितीबद्दल सर्वांत विश्वासू माहिती याच मार्गाने मिळते. कोतूळच्या पुलाबद्दल जे कोणत्याही उपग्रहाला दिसलं नाही, ते तिथल्या चहावाल्याने एका वाक्यात सांगितलं असतं. समोरून घाट चढून आलेला एसटीचा चालक हा तर चालता-बोलता ताजा अहवाल. पण रात्री अकराला टपरी बंद असते. आणि ‘हा रस्ता कुठे जातो’ असं विचारलं की उत्तर मिळतं तेही गावापुरतंच. ‘वरंधा चालू आहे का, की आंबेनळीने जाऊ’ असं विचारलं तर माणूस थांबून, विचार करून सांगतो. असा प्रश्न विचारायला दोन घाटांची नावं आधी ठाऊक असावी लागतात. ती कुठून येणार?

तेव्हा माझी मांडणी अशी. मुख्य साधन फोन, पण निघण्यापूर्वी नकाशा उतरवलेला, शक्यतो दोन फोनांत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांसह आणि दोन वेगळ्या ॲपमध्ये. एकाच माहितीवर चालणारे दोन फोन एकच चूक दोनदा करतात, म्हणून ॲप वेगळं. फोन हातात नाही, धारकात, आणि वातानुकूलनाच्या झोतासमोर, म्हणजे तापणार नाही. ऑक्टोबर २०२० पासून मोटार वाहन नियमांनी चालवताना फोनचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने मान्य केला आहे, हेही ध्यानात असावं. दुचाकीवाल्याने ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडावा. भारतात तो डिसेंबर २०१७ पासून आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा अटल सेतूवर दुचाकीला बंदी असल्याने त्याने फरक पडतो. आदल्या संध्याकाळी कागद पसरून वाटेतले घाट, मोठे पूल, धरणांच्या काठचे रस्ते हेरावेत आणि प्रत्येकाला एक पर्याय योजून ठेवावा. आणि अंधार पडल्यावर ॲपने वीस मिनिटं वाचवणारी अनोळखी आडवाट सुचवली, तर ती सरळ नाकारावी. दिवसा अशी वाट चुकली तर वेळ जातो. रात्री काय जातं, याची उदाहरणं वर आली आहेत.

या साऱ्यात एक कोडं उरतं, आणि ते प्रवाशाने सोडवायचं नाही. पावसाळ्यात वरंध्यासारखा घाट बंद करण्याचा आदेश जिल्हा प्रशासन काढतं, तो कागदावर सहीशिक्क्यासह असतो, वर्तमानपत्रात येतो, समाजमाध्यमांवर फिरतो. म्हणजे रस्ता बंद आहे हे सरकारला माहीत असतं. नकाशा कंपन्यांना ते कळवण्याची सोयही आहे, साध्या वापरकर्त्यालाही ‘रस्ता बंद’ अशी नोंद करता येते. मधला दुवा तेवढा कच्चा आहे. आदेशाच्या मजकुरात रस्त्याचं नाव आणि तारखा असतात, पण कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत हे यंत्राला वाचता येईल अशा रूपात तो निघाला आणि त्याच दिवशी सर्व नकाशांत उमटला, तर फोनची सर्वांत घातक चूक बरीच आटोक्यात येईल. त्याला नवे उपग्रह लागत नाहीत. धरणात पाणी अडवलं की कोणता पूल कधी बुडतो, हे पाटबंधारे खात्याच्या नोंदवहीतून नकाशापर्यंत पोचवायलाही लागत नाहीत.